मधलं सोडून बाकी सगळं

काकूंच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. कपड्याची कात्री कागदाला लावायची नाही. कागदाने धार जाते, आणि धार गेली की रेशमी कापड कापलं जात नाही, चावलं जातं, असं काकूंचं म्हणणं. लेक शाळेत असताना तिने एकदा त्या कात्रीने वहीचं कव्हर कापलं, तर काकूंनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि आठवडाभर ते खाली ठेवलं नव्हतं. आणि आज त्याच काकू भरदुपारी कटिंगच्या टेबलाशी बसून त्याच कात्रीने फोटो कापत होत्या. मन लावून, ओठ मुडपून, एखाद्या बड्या गिऱ्हाइकाचा कोट कापावा तशा.

फोटो प्रवासातले होते. काका, म्हणजे काकूंचे यजमान, जन्मभर बेकरीची गाडी चालवत आले. पहाटे निघायचं, दुकानोदुकानी पाव टाकायचे, उन्हं चढायच्या आत परत. इतका रस्ता फार थोड्या माणसांनी पाहिला असेल, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय असतं ते विचारलं तर काका खांदे उडवायचे. बघायला वेळ कुणाला होता? मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, आणि लेकीने ठरवलं की आता बाबांना बाजूचं दाखवायचं.

लेकीला घरात बबडी म्हणत. बबडी म्हणवून घ्यायचं वय तिचं कधीच उलटून गेलं होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं. ती तलावावर पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज नेहमी पाण्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखा. तिने रजा टाकली, गाडीची टाकी भरली, आईला मागच्या सीटवर उशा-पांघरुणांत बसवलं, बाबांना पुढे शेजारी बसवलं आणि त्यांच्या हातात आपला कॅमेरा दिला. "रस्त्याची काळजी माझी," ती म्हणाली, "तुम्ही नुसतं बघायचं."

पहिले काही दिवस काकांना ते जमेना. वळण आलं की त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाला रुतायचा, जिथे ब्रेक नव्हताच. हळूहळू पाय सैल पडला. एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी गाडी रमतगमत जात राहिली. कुठे देवदारांच्या रांगाच रांगा, कुठे तांबडे कडे, कुठे जमिनीतून वाफ निघते आणि माणसं तिच्याभोवती गप्प उभी राहतात. काका काचेला कपाळ टेकून बघत बसायचे. मधूनच म्हणायचे, "थांब, थांब." बबडी गाडी कडेला घ्यायची, काकू लाल स्वेटर सावरत उतरायच्या, आणि काका त्यांना डोंगरासमोर उभं करून फोटो काढायचे.

लाल स्वेटरचीही एक गोष्ट होती. काकू दुसऱ्यांचे कपडे शिवण्यात इतक्या मुरलेल्या की स्वतः कायम राखाडी नाहीतर तपकिरी. पण डॉक्टर म्हणाले होते की मधली नजर हळूहळू जाईल, कडेची राहील. काका मान हलवत ऐकत होते, त्यांना जे कळायचं ते कळलं असावं. काकूंनी ते आपल्या परीने समजून घेतलं. व्होल्टेज उतरलं की बल्ब मिणमिणतो, तसे डोळे मिणमिणणार. मग उपायही तसेच. त्यांनी घरातले सगळे बल्ब बदलून झगझगीत केले, भिंतीवर हातभर आकड्यांचं घड्याळ आणलं, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी लालभडक स्वेटर विणला. यांना दुरूनही दिसायला हवी मी, एवढीच त्यामागे इच्छा होती.

आणि एवढं करून काका काही बघेनात.

म्हणजे बाकीचं सगळं बघत. टेबलावरून दोऱ्याचं बॉबिन घरंगळलं की खुर्चीतून न उठता पायाने अडवत. चहाचा ट्रे भरल्या कपांनिशी दोन दारं ओलांडून आणत, थेंब सांडायची बात नाही. पण काकू समोर येऊन बोलायला लागल्या की त्यांची नजर निसटायची. कधी काकूंच्या खांद्यावरून पलीकडे, कधी कपाटाकडे, कधी खिडकीबाहेर. चाळीसेक वर्षांच्या संसारात हा माणूस असा कधी वागला नव्हता. सुरुवातीला काकू म्हणायच्या, "अहो, मी इकडे आहे." मग काका चटकन तोंड समोर करायचे, पण त्या डोळ्यांत ओळख नसायची, दारावर आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं ते बघणं. ते अधिकच झोंबायचं. शेवटी काकूंनी म्हणायचंच सोडलं.

कारण त्यांना ठाऊक होतं, निदान त्यांची तशी पक्की समजूत होती. गाडीच्या किल्ल्या काकूंनी दिल्या होत्या. डॉक्टरांकडून आल्यावर काका दोन दिवस काही बोलले नाहीत, आणि तिसऱ्या सकाळी काकूंनी खुंटीवरच्या किल्ल्या उचलल्या, बेकरीत गेल्या आणि मालकाच्या हातावर ठेवून आल्या. काकांना न विचारता. ज्या माणसाचा हात किल्ल्यांवाचून कधी रिकामा नसायचा त्याचा हात त्यांनी रिकामा केला. तो राग तोंडाने बोलून दाखवणारे काका नव्हते. गाडीच्या इंजिनावर ते तासभर बोलतील, स्वतःबद्दल विचारलं तर 'ठीक आहे' याच्या पलीकडे गाडी जायची नाही. म्हणून ते रुसलेत, आणि डोळे आहेत तोवर ते आपल्याकडे बघणार नाहीत, ही भीती काकूंना सोडत नव्हती. एकदा का नजर गेली की मग रुसवा काढून तरी काय उपयोग?

फोटोंनी त्या भीतीवर शिक्काच मारला. बबडीने स्टुडिओतून सगळ्यांच्या मोठ्या प्रिंट काढून आणल्या आणि म्हणाली, "आई, तुझा हात चांगला आहे, याची छान चिकटवही कर. बाबांना दिसतंय तोवर." काकूंनी फोटो क्रमाने लावले. पहिल्या उद्यानात त्या बरोब्बर मधोमध उभ्या होत्या, मागे भलामोठा डोंगर आणि पायथ्याशी लाल ठिपका. दुसऱ्यातही तेच. पण पुढे पुढे ठिपका सरकत गेला. काका कॅमेऱ्यामागून म्हणायचे, "सरक जरा. अजून. अजून थोडी बाजूला." तेव्हा काकू निमूट सरकल्या होत्या. आता फोटोंत दिसत होतं की शेवटच्या उद्यानात त्या पार कडेला गेल्या होत्या, एकात तर अर्धा खांदा कापला गेला होता. मधोमध नुसता डोंगर, ऐसपैस. माझ्याहून डोंगर बरा वाटला यांना, काकूंच्या मनात आलं, आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी फोटो उपडे करून ठेवले.

दोन दिवसांनी त्यांनी चिकटवही शिवून घेतली, जाड तपकिरी कागदांची, मशीनवर दुहेरी टीप मारून. मग टेबल पुसलं. टेबलापाशीच अर्धवट शिवलेले कोट टांगलेले होते, शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा होता, खिडकीतून येणाऱ्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती. काकूंनी पहिला फोटो उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. एवढा डोंगर, आणि त्यात आपण बोटाएवढ्या. ज्याची नजर मिणमिणायला लागली त्याला यात माणूस सापडणार कुठून? गर्दी सगळी डोंगराची. डोंगर काढला की माणूस आपोआप नजरेत भरेल. यात प्रेम किती होतं आणि डोंगरावरचा डूख किती होता, हे काकूंनी स्वतःला विचारलं नाही. कागदाची कात्री बोथट होती. त्यांनी कपड्याची घेतली.

हात बसलेला. कापड असो नाहीतर फोटो, कात्रीला फरक पडत नव्हता. शिलाईसाठी सोडतात तसं काठाने थोडं थोडं सोडत त्या स्वतःभोवतीनं कापत निघाल्या. खांद्यावरून उतरून कोपराशी वळल्या, स्वेटरच्या काठाने खाली आल्या, बुटांना वळसा घातला. आणि कापता कापता कुठे कसं कोण जाणे, त्या टेबलापासून सुटल्या.

त्या तळ्याकाठी होत्या. थंडगार दगडावर उभ्या, बुटांत गारवा चढतोय. पाण्यावर धुकं होतं, आणि धुक्यात पलीकडचा काठ मधूनच यायचा, मधूनच जायचा. बबडी मागे गाडीपाशी कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होती, पण तिचाही आवाज इथे पोचेपर्यंत मऊ होत होता. काका कॅमेरा धरून उभे होते. वारा आला, देवदारांतून लांबवर सळसळ गेली आणि परत आली. काकूंना वाटलं होतं, इथेच राहावं. कुणाचा कोट द्यायचा नाही, कुणाचं माप घ्यायचं नाही, कुणी तुटलेलं बटण आणून दाखवायचं नाही. हे नुसते फोटो काढत राहतील आणि मी नुसती उभी राहीन. कात्रीची दोन पाती हलकेच मिटली, आणि तळ्याचा कागद टेबलावरून घसरून खालच्या टोपलीत पडला. हातात लाल स्वेटरातली बाई तेवढी उरली, तिच्याभोवती धुक्याची एक बारीक किनार.

दुसरा फोटो घेतला. तांबडे कडे. तिथलं ऊन पुन्हा गालांवर आलं, आणि दगडाला हात लावला तेव्हा तो दिवसभर तापलेला, अगदी इस्त्रीच्या पाठीसारखा. तिसऱ्यात बबडी होती, हात पसरून, तोंड उघडं, ओरडतच असणार. ती कापली. एका फोटोत फक्त हरीण होतं, गाडीच्या काचेतून सरळ आत बघणारं. काकूंनी त्यालाही कापून ठेवलं. निदान त्याने तरी नीट बघितलं होतं.

ऊन टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. काकू एका उद्यानातून दुसऱ्यात जात राहिल्या, आणि मागे टोपलीत डोंगर साठत गेले. टोपली चिंध्यांची. काकू चिंधी कधी टाकत नसत, उशांत भरायला ठेवत. मग त्यांनी कोटाच्या निळ्या अस्तराच्या पट्ट्या कापल्या, गणवेशाच्या चौकड्यांच्या झालरी केल्या, आणि तपकिरी पानांवर माणसं मांडली. इथे त्या, इथे बबडी, इथे काका हातात थर्मास घेऊन, मध्ये हरीण. पानं सुबक झाली होती. पण काकूंना त्यांच्याकडे बघून मनासारखं वाटेना, आणि का ते कळेना.

संध्याकाळी बबडी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. काका आत स्वयंपाकघरात चहा करत होते, कपांचा आवाज येत होता.

"आई!" ती दारातूनच किंचाळली. "कपड्याची कात्री? कागदाला?"

"माझी कात्री, माझं टेबल," काकू म्हणाल्या.

"मी मार खाल्लाय त्या कात्रीपायी!"

"मार नव्हता खाल्लास. बोलणी खाल्लीस. बस आणि बघ."

बबडी बसली. तिने चिकटवहीचं पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मग पुन्हा पहिलं. काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आई, आपण सगळे हवेत का उभे आहोत?"

"हवेत कुठे? पानावर आहोत."

"मागचे डोंगर कुठे गेले?"

"काढले."

"काढले म्हणजे? कुठे ठेवलेस?"

"टोपलीत आहेत."

बबडीने टोपलीत डोकावलं. चिंध्यांवर देवदार पडले होते, तळी पडली होती, कडे आणि वाफा आणि ढग पडले होते, आणि प्रत्येकात माणसाच्या आकाराचं एक भोक होतं. तिने कपाळावर हात मारला.

"अगं, तू राष्ट्रीय उद्यानं चिंध्यांत टाकलीस! बाबांनी जन्मात पहिल्यांदा डोंगर बघितले. ते फोटो डोंगरांचे होते, आई!"

"माहीत आहे मला कुणाचे होते ते!" काकूंचा आवाज चढला. मग एकदम फुटला. "मला चांगलं माहीत आहे. शेवटी शेवटी मला बाजूलाच काढत होते ते. सरक, अजून सरक. किल्ल्या दिल्या मी, चुकलं असेल माझं. पण म्हणून माणसाने तोंडाकडे बघायचंच नाही? डोळे आहेत तोवर एकदा नीट बघावं, एवढंच म्हणणं आहे माझं. मग रुसून बसा हवं तितकं. मी म्हटलं, हे डोंगर मधून जाऊ देत, म्हणजे तरी मी दिसेन."

बबडीचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. आणि तेवढ्यात दोघींच्या लक्षात आलं की आतला कपांचा आवाज थांबलाय, आणि काका ट्रे घेऊन दारात उभे आहेत.

त्यांनी ट्रे गणवेशांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवला. थेंब सांडला नाही. मग ते टेबलाला वळसा घालून आले, टोपलीशी वाकले आणि हाताला लागला तो फोटो उचलला. तळ्याचा होता. खिडकीच्या उजेडाला धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मान थोडी इकडे, थोडी तिकडे करत. काकूंना वाटलं, आता चिडतील. चिडावं असंही वाटलं. चिडताना निदान माझ्याकडे बघतील.

"हे कुणी केलं?" काका म्हणाले.

"मी," काकू म्हणाल्या. "घ्या ओरडून."

"ओरडू कशाला? तुला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"हे असंच दिसतं मला." काकांनी फोटोतल्या भोकावर बोट ठेवलं, बोटाचं टोक पलीकडे निघालं. "अगदी हे असं. तळं दिसतं. झाडं दिसतात. वरचं आभाळ, या बाजूचा दगड, सगळं जिथल्या तिथे. आणि मधे जिथे तू असतेस तिथे नाही."

"काळं दिसतं?" बबडीने हळूच विचारलं.

"काळं नाही. काळं असतं तर कळलं असतं काहीतरी आहे म्हणून. नुसतं नाही." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. "ज्याच्याकडे सरळ बघावं ते जातं. घड्याळाकडे बघितलं की घड्याळ जातं, भिंत राहते. हिच्याकडे बघितलं की हिचे खांदे राहतात, केस राहतात. तोंड जातं."

काकू खाली बसल्या. खुर्चीत बसायच्या ऐवजी गणवेशांच्या गठ्ठ्यावरच बसल्या.

"मग किल्ल्यांचं?" त्यांनी विचारलं. विचारायचं होतं भलतंच, पण तोंडातून किल्ल्याच आल्या.

"बरं केलंस दिल्यास त्या. मी स्वतः नसत्या दिल्या." काका म्हणाले. इंजिनाखेरीज दुसऱ्या विषयावर इतकं बोलायची त्यांना सवय नव्हती. "त्याच्या आदल्याच आठवड्यात चौकात एक माणूस रस्ता ओलांडत होता. मला रस्ता दिसत होता, दोन्हीकडची दुकानं दिसत होती. तो नव्हता. मग एकदम होता, बॉनेटपुढे. कसा थांबलो मला माहीत नाही. त्याला काही झालं नाही. मी घरी आलो आणि सांगितलं नाही कुणाला. तू किल्ल्या नेल्यास त्या दिवशी मला झोप लागली."

"आणि हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"काय सांगू? तुझं तोंड दिसत नाही म्हणून सांगू?" काकांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तू तो लाल स्वेटर घालून उभी राहायचीस. एवढी हौसेने. मला लाल दिसायचं, वर कोण आहे ते दिसायचं नाही. मग एकदा कॅमेऱ्यातून बघताना माझ्या ध्यानात आलं, तू कडेला गेलीस की दिसतेस. स्पष्ट नाही, पण तू असतेस. नाक, डोळे, सगळी. म्हणून सरक म्हणत होतो. मी डोंगराकडे बघायचो आणि तू दिसायचीस."

काकूंनी टेबलावरचा फोटो ओढून घेतला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, हात लांब करून, आणि भोकातून काकांकडे बघितलं, मग फोटोकडे. तळं, झाडं, आभाळ, दगड. मधे आपण नाही. इतके महिने त्यांनी बल्ब बदलले होते, आणि अंधार कुठे नव्हताच. हा माणूस लख्ख उजेडात बसला होता आणि त्याच्या सगळ्या उजेडातून नेमकं एक माणूस कापून नेलेलं होतं. घड्याळाशी, कपाटाशी, खिडकीशी तो बोलत होता ते रुसून नव्हे. तो आपल्याला शोधत होता, जिथे आपण सापडू तिथे. आणि आपण दर वेळी हट्टाने समोर येऊन उभ्या राहत होतो, त्याच्या त्या भोकात. काकूंना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

"बाबा," बबडी म्हणाली, "फाइली आहेत माझ्याकडे. उद्या सगळे परत छापून आणते. एका तासाचं काम."

"नको," काका म्हणाले.

"अहो बाबा, पण हे..."

"हे राहू देत. हे माझे आहेत." त्यांनी टोपली उचलून टेबलावर उपडी केली. चिंध्यांसकट डोंगर पसरले. "तुम्ही दोघी तिथे होतात तेव्हा मी काय बघत होतो ते यात आहे. कुणी विचारलं तर सांगता येत नव्हतं मला. आता दाखवीन."

मग ते कामाला बसले, तिघेही. चहा निवून गेला, कुणाला आठवण झाली नाही. काकूंनी आधीची पानं सोडवली, झालरी उसवल्या. काका सांगत होते आणि काकू मांडत होत्या. भोकाचा डोंगर पानाच्या मधोमध. आणि त्या डोंगरातून काढलेली बाई अगदी पानाच्या कडेला, बाहेर पडेल की काय इतकी. "अजून," काका म्हणायचे, "अजून थोडी." आता तो शब्द ऐकताना काकूंना काहीच टोचत नव्हतं. बबडीने स्वतःला दोन-तीन ठिकाणी कडेला चिकटवून घेतलं. हरणाचं काय करायचं विचारलं, तर काका म्हणाले, त्याला त्याच्या जागी परत घाला, ते कडेला होतं, मला तेव्हा दिसलं होतं, उगाच खोटं नको. काकू हसल्या. हरणाला गाडीच्या काचेत पुन्हा बसवलं, कापलेली रेघ तेवढी राहिली.

पानं एकापाठोपाठ एक होत गेली. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले, आणि नव्या बल्बच्या उजेडात टेबलावरचे तुकडे उगाचच जास्त खरे दिसायला लागले. तळं, मग कडे, मग वाफ. प्रत्येकाच्या भोकातून पानाचा तपकिरी रंग दिसत होता, कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेल्यासारखा. काकू डिंक लावत होत्या आणि पुन्हा तळ्याकाठी जात होत्या. पण या वेळी त्या दगडावर उभ्या नव्हत्या. त्या कॅमेऱ्यामागे होत्या, काकांच्या शेजारी, आणि दोघं मिळून त्या रिकाम्या दगडाकडे बघत होती, धुकं येताना आणि जाताना. शेवटच्या उद्यानाचे फोटो आले तेव्हा लावायला फारसं काही उरलंच नव्हतं. तिथे त्या आधीच कडेला होत्या.

"हे चांगले आले होते," काका म्हणाले. "हे तू कापायला नको होतेस."

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, खांदा कापलात माझा."

बबडी कप विसळायला आत गेली. तिथून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं, तेही मोठ्यानेच. काका टेबलाच्या त्या बाजूला बसले होते, काकू या बाजूला, समोरासमोर, जसे ते इतकी वर्षं बसत आले. काकूंनी डिंकाची बाटली बंद केली. मग त्या उठल्या, आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून काकांच्या उजव्या हाताला आणून ठेवली, थोडी पुढे, त्यांच्याकडे वळवून, आणि बसल्या.

काकांनी त्यांच्याकडे तोंड वळवलं नाही. त्यांनी समोरच्या खिडकीकडे बघितलं, जिथे बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता रस्ता आणि एक थांबलेली गाडी. ते तसेच बघत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं, खूप दिवसांनी घरी आल्यासारखं.

"हनुवटीला खडू लागलाय तुझ्या," ते म्हणाले. "आणि रडलीस ना मघाशी? डोळे सुजलेत."

काकूंचा हात हनुवटीकडे गेला, आणि अर्ध्यातच थांबला. खडू त्यांनी पुसला नाही. मान जरासुद्धा न हलवता, फोटोसाठी उभं राहावं तशा त्या स्थिर बसून राहिल्या.

"तिकडेच बघा," त्या म्हणाल्या. "तिकडेच बघत राहा."